दहा वाजेपर्यंत गळ हलत नाही

जानेवारीतली सकाळ, साडेसातची वेळ. चऱ्होली बुद्रुकच्या घाटाखाली इंद्रायणीवर धुक्याचा पातळ पडदा आहे आणि पलीकडचं चऱ्होली खुर्द नुसतं झाडांच्या शेंड्यांवरून ओळखू येतंय. काठावर तिघं बसलेत. एकाच्या अंगावर चाकणच्या कुठल्याशा कंपनीचं जाडं जॅकेट आहे. रात्रपाळी संपवून तो घरी न जाता थेट इकडेच आलेला दिसतो. मोटारसायकलला पीव्हीसी पाइपचा तुकडा बांधलाय, काठ्या त्यातूनच आणल्यात. शेजारी पिशवीत पेंडीचा गोळा, पाण्याची बाटली आणि चहाचा थर्मास.

“लागतंय का काही?” जाणारा-येणारा विचारतो.

“पाणी गार आहे, दादा. दहा वाजू द्या.”

गळ टाकून बसणाऱ्याकडे सबबींची कधीच कमतरता नसते. पाणी गढूळ, पाणी नितळ, वारा उलटा, पौर्णिमा जवळ, यादी लांब आहे. मात्र ‘दहा वाजू द्या’ ही सबब नाही. त्या तीन शब्दांत शरीरशास्त्राचा एक धडाच आहे.

माशाला स्वतःच्या अंगाची ऊब नसते. पाण्याचं तापमान तेच त्याच्या रक्ताचं, स्नायूंचं, पोटाचं तापमान. माणूस थंडीत जास्त जेवतो, कारण आतली भट्टी पेटती ठेवायची असते. माशाचं नेमकं उलटं. तापमान दहा अंशांनी उतरलं की त्याच्या शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. हृदयाचे ठोके मंदावतात, पाचकरस सावकाश काम करतात. उन्हाळ्यात एका दिवसात जिरणारा घास थंडीत दोन-तीन दिवस पोटात राहतो. पोट रिकामं होत नाही तोवर भूक कशाची लागणार? म्हणून हिवाळ्यातला मासा उपाशी नसतो आणि आजारीही नसतो. तो काटकसरीत असतो. समोर आलेला घास तो नाकारत नाही, पण त्याच्यामागे चार हात पळायला तयार नसतो. एवढं एक ध्यानात आलं की थंडीतल्या मासेमारीच्या सगळ्या युक्त्या आपोआप उलगडत जातात.

पुण्याची थंडी किती? हवामान खात्याच्या नोंदीत शहराचं सर्वांत कमी तापमान १.७ अंश आहे, तारीख १७ जानेवारी १९३५. हल्ली पारा आठ-नऊवर आला तरी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो. पण हवा आणि पाणी यांची चाल वेगळी. पाणी तापायलाही वेळ घेतं आणि निवायलाही. पहाटे काठावर दात वाजत असले तरी डोहातलं पाणी हवेइतकं गार कधीच नसतं. म्हणून तर नदीवर वाफ दिसते. आणि दुपारी काठावर स्वेटर काढायची वेळ येते, तेव्हाही तळाचं पाणी जवळजवळ सकाळइतकंच असतं. बदलतो तो वरचा हातभर थर. रात्री तो निवतो, जड होतो, खाली बसतो. सकाळी उन्हं वर आली की पुन्हा कोमट होऊन वरच राहतो. दहा वाजता गळ हलू लागतो तो याच थरामुळे. उथळ कडेला ऊन पडतं, तिथलं पाणी अंश-दोन अंशांनी वाढतं, बारीक मासे तिकडे सरकतात आणि त्यांच्यामागे मोठे.

यात भूगोलही आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे नदीचा उत्तरेकडचा, दक्षिणेला तोंड करून असलेला काठ दिवसभर उन्हात राहतो, आणि दक्षिणेकडच्या काठावर झाडांची नि दरडीची सावली रेंगाळते. चऱ्होलीपुरतं बोलायचं तर ऊन खुर्दच्या वाट्याला जास्त आणि सावली बुद्रुकच्या. बुद्रुक पिंपरी-चिंचवड महापालिकेत १९९७ साली आलं, खुर्द खेड तालुक्यातच राहिलं. पाण्याखालच्या मंडळींना हद्दीशी देणं-घेणं नाही, त्यांना उन्हाशी आहे. जाणता गळवाला जानेवारीत पूल ओलांडून पलीकडे बसतो, यात नवल नाही.

थंड पाण्यातल्या मासेमारीचं शास्त्र सर्वांत बारकाईनं कुणी रचलं असेल तर अमेरिकेतल्या बास पकडणाऱ्यांनी. ‘लार्जमाउथ बास’ हा तिथला गोड्या पाण्यातला लाडका शिकारी मासा. हिरवट अंग, कुशीवरून गेलेला काळा पट्टा आणि डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेला जबडा. उत्तरेकडच्या राज्यांत तळी गोठतात. बर्फ पाण्याहून हलका म्हणून वर तरंगतो, आणि पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं म्हणून तळाशी चार अंशांचं पाणी टिकून राहतं. बास त्यात हिवाळा काढतो, जवळजवळ न हलता. दक्षिणेकडच्या राज्यांत पाणी गोठत नाही, पण दहा अंशांच्या खाली गेलं की मासा सुस्तावतो. अशा वेळी तिथले लोक एक खास आमिष वापरतात. लांबट, माशाच्या आकाराचं आणि पाण्यात ना बुडणारं ना तरंगणारं, अधांतरी थांबणारं. दोन हलके झटके द्यायचे आणि थांबायचं. किती? दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. बास झडप घालतो ती या थांबण्यात. हलणाऱ्या घासामागे तो जात नाही, पण नाकासमोर लोंबकळणारा घास त्याला सोडवत नाही. मासे पकडणारा अधीर असेल तर तो हिवाळ्यात हात हलवत परत जातो.

तिथला आणखी एक प्रकार मोठा गमतीचा. दक्षिणेतल्या तलावांत ‘शॅड’ नावाची चंदेरी मासळी थव्यानं असते. तिच्यातल्या एका जातीला थंडी अजिबात सोसत नाही. पाणी सात अंशांच्या आसपास आलं की ती तडफडू लागते, कुशीवर पडते, मरते. मग एरवी सुस्त असलेला बास बसल्या जागी जेवतो. मेजवानी वरून गळत असते. अशा दिवशी चमच्यासारखं धातूचं आमिष तळाशी सोडून नुसतं फडफडवलं तरी पुरतं.

हा बास आपल्याकडच्या नद्यांत नाही, आणि नाही हे बरंच. जपानात १९२५ साली तो हाकोने भागातल्या आशी तलावात हौसेनं सोडला गेला. तिथून पुढं हौशी मंडळींनीच तो देशभर पसरवला. बिवा या जपानच्या सर्वांत मोठ्या तलावात त्यानं स्थानिक माशांवर ताव मारला, आणि शेवटी शिगा प्रांतानं असा नियम केला की बास पकडला तर परत पाण्यात सोडायचा नाही. गंमत अशी की त्याच बिवा तलावात २ जुलै २००९ रोजी मनाबू कुरिता यांना सुमारे दहा किलोचा बास लागला. जॉर्ज पेरी यांनी जॉर्जियात २ जून १९३२ रोजी पकडलेल्या बासच्या विक्रमाशी त्यानं बरोबरी साधली. जो मासा उपद्रवी म्हणून नकोसा झाला, त्याच माशानं तलावाला जगात नाव मिळवून दिलं.

मराठी माणूस ‘बास’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा वेगळाच मासा असतो. जिताडा. इंग्रजीत त्याला आशियाई सी-बास म्हणतात, ऑस्ट्रेलियात बॅरामंडी. अलिबाग-पेणकडच्या खाड्यांत आणि खारजमिनीतल्या तळ्यांत वाढणारा, चवीला असा की रायगडमध्ये पाहुण्याला जिताडा खाऊ घातला म्हणजे मान राखला. नात्यानं तो अमेरिकी बासचा कुणीच लागत नाही. तो कुळानंच वेगळा. पण स्वभाव तोच. आडोशाला दबा धरायचा, भक्ष्य टप्प्यात आलं की जबडा एकदम उघडून पाण्यासकट आत ओढायचं. जिताडा आधी नर असतो आणि वय वाढल्यावर मादी होतो, हे त्याचं वैशिष्ट्य. थंडी त्यालाही मानवत नाही. डिसेंबर-जानेवारीत त्याची भूक मंदावते. पिंपरी-चिंचवडमधले रीळ आणि काठीवाले हौशी लोक सुटीच्या दिवशी घाट उतरून खाडीवर जातात ते बहुतेक याच्यासाठी. त्यांच्या बॅगेत महागडी आमिषं असतात. चऱ्होलीच्या काठावर बसलेल्या माणसाकडे मात्र कणीक असते.

त्या कणकेकडे जरा जवळून पाहायला हवं. शेंगदाण्याची पेंड कुटून चाळलेली, तिच्यात गव्हाची कणीक चिकटपणासाठी, थोडा गूळ आणि वासाला काहीतरी. त्या ‘काहीतरी’वर प्रत्येकाची मालकी असते. कुणी लसूण ठेचून घालतो, कुणी बडीशेप, कुणी वेलची, आणि प्रमाण विचारलं तर हसून दुसरीकडे बघतो. हिवाळ्यात या गोळ्यात दोन बदल होतात. एक म्हणजे तेल कमी. थंड पाण्यात तेल घट्ट होऊन जागीच राहतं, वास पसरत नाही. दुसरं, गोळा लहान. उन्हाळ्यात बोराएवढा लावत असाल तर आता वाटाण्याएवढा. मंद पोटाच्या गिऱ्हाइकापुढं भरलेलं ताट ठेवून उपयोग नाही. गांडूळ लावणाऱ्यांची अडचण निराळी. थंडीत जमीन वरून सुकते आणि गांडुळं खोल जातात. मग शेणाचा उकिरडा गाठावा लागतो. तो आतून उबदार असतो, फावड्याचा एक घाव घातला की मूठभर सापडतात. मात्र शहराच्या कडेला उकिरडेही आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.

तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, तोही बारीक घ्यावा लागतो. पावसाळा सरून दोन-तीन महिने झालेले असतात, गाळ बसलेला असतो, जिथं पाणी नितळ असतं तिथं जाड दोरा माशाला दिसतो. शिसं हलकं, बूच हलकं. कारण थंडीत मासा गळ ओढत नाही, चाखतो. उन्हाळ्यात बूच सपकन खाली जातं, हिवाळ्यात ते नुसतं कलतं किंवा एक बोट सरकून थांबतं. तेवढंच. त्या क्षणी मोबाइलमध्ये डोकं असलं की गोळा गेला आणि गळ रिकामा.

जाळ्याचं गणित याहून वेगळं आहे. इंद्रायणी-भीमेच्या काठावरचे भोई रात्री आडवं जाळं लावून पहाटे काढतात. असं जाळं माशाच्या मागे जात नाही, मासा फिरता फिरता त्यात अडकतो. थंडीत मासा फिरतच नाही, म्हणून जाळं रिकामं निघतं. तेच फेकजाळं डोहावर नेमकं पडलं तर एका फेकीत पाटी भरते, कारण गारठ्यानं मासे एकाच खोल जागी दाटीवाटीनं बसलेले असतात. हिवाळ्यात नदी मोठी आणि मासे थोडे असं वाटतं. प्रत्यक्षात नदीचा बराचसा भाग रिकामा असतो आणि थोडा भाग गच्च भरलेला. तो थोडा भाग कुठला हे ज्याला ठाऊक, त्याचा हिवाळा वाया जात नाही. बंधाऱ्याखालची खोल जागा, वळणावरचा डोह, बुडालेल्या खडकाची प्रवाहामागची बाजू, ही त्याची नेहमीची ठिकाणं.

इथवर सगळं कुठल्याही नदीला लागू पडेल. चऱ्होलीला एक गोष्ट आडवी येते. पुस्तकानुसार थंडी ही माशाच्या श्वासाच्या बाजूची असते. पाणी जितकं गार तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. तीस अंशांना एका लिटरात साडेसात मिलिग्रॅम, वीस अंशांना नऊ, पंधराला दहाच्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात माशाला श्वास कमी लागतो आणि पाण्यात तो जास्त असतो. स्वच्छ नदीत हा सुखाचा काळ. पण इंद्रायणी चऱ्होलीला पोचते ती देहू, चिखली, मोशी, आळंदी ओलांडून. दोन्ही काठांवरच्या वस्त्यांचं सांडपाणी, औद्योगिक पट्ट्यातले नाले, सगळं घेऊन. पावसाळ्यात ती घाण वाहून जाते, पातळ होते. डिसेंबरनंतर वरून येणारं पाणी आटतं आणि नाल्यांचं मात्र बारमाही. सांडपाण्यातला कचरा कुजवणारे जिवाणू प्राणवायू खातात. त्यावर जलपर्णीची चादर पसरते. खाली ऊन पोचत नाही, वरून हवा मिसळत नाही. आळंदीच्या घाटावर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगताना छायाचित्रांत पाहिले नसतील असा माणूस पुणे जिल्ह्यात विरळा. साबणातली रसायनं बंधाऱ्यावरून पडताना घुसळली गेली की तो फेस होतो. महापालिकेची मैलाशुद्धीकरण केंद्रं आहेत, चऱ्होलीतही आहे. नदी सुधाराचा प्रकल्पही आहे. पण गळवाल्याला हिशेब कळतो तो गळाला काय लागलं त्यावरून.

आणि लागतं काय? चिलापी, मांगूर, कधी मरळ. हे तिघंच का, याचं उत्तर पुन्हा श्वासात आहे. मरळ आणि मांगूर कल्ल्यांवर सगळा भार टाकत नाहीत. त्यांना वर येऊन तोंडानं हवा घेण्याची सोय आहे. पाणी कितीही सडलं तरी ते गुदमरत नाहीत. जलपर्णीच्या कडेला मधूनच ‘टप्’ असा आवाज येऊन वर्तुळ उमटतं, ते हेच. मांगुरातही आफ्रिकेतून आलेला मोठा मांगूर खादाड म्हणून बदनाम आहे. त्याच्या पालनावर २००० सालापासून देशात बंदी आहे, तरी तो नद्यांत पोचायचा तो पोचलाच. चिलापी म्हणजे तिलापिया. हीसुद्धा पाहुणीच. तिची मोझांबिक जात भारतात १९५२ मध्ये आणली गेली. कमी प्राणवायूत तग धरणारी, मिळेल ते खाणारी, पिल्लं तोंडात सांभाळणारी. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा पुढं उजनीत. उजनीच्या बाजारात आज चिलापीचं नाव आधी घेतात.

चिलापीचं मर्मस्थान मात्र थंडी. पाणी पंधरा-सोळा अंशांच्या खाली गेलं की ती खाणं सोडते, दहाच्या आसपास मरू लागते. २०१० च्या जानेवारीत फ्लोरिडात थंडीची लाट आली तेव्हा अशा उष्ण देशांतून आलेल्या माशांचे खच पडले होते. चऱ्होलीत तेवढं पाणी गार होत नाही. तरी सकाळच्या गारठ्यात चिलापी तळाशी निपचित असते आणि दहा वाजता ऊन वर आलं की उठते. काठावरच्या माणसाचे ते तीन शब्द नेमके तिच्याबद्दलचे आहेत. तिथं आता तीच आहे म्हणून.

पूर्वी तिथं काय होतं, हे सांगणारा एक साक्षीदार आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स. मुंबई सरकारनं १८२४ मध्ये त्यांना दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं. माणूस हाडाचा निसर्गवेडा. शेती, लोकसंख्या, हवामान मोजता मोजता त्यांनी पक्षी आणि मासेही गोळा केले, आणि १८३९ मध्ये दख्खनच्या चाळीसहून अधिक माशांची वर्णनं मांडली. नावं देताना त्यांनी लॅटिन कोशात फार डोकं घातलं नाही. कोळ्या-भोयांना विचारलं आणि ते जे म्हणाले ते लिहून घेतलं. म्हणून आज जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत खुद्री, कोळस, फुलंगी, मुल्या, शिंगटी ही मराठी बोलीतली नावं इंग्रजी वर्तनीच्या वेशात बसलेली आहेत.

त्यातला एक मासा चऱ्होलीवाल्यांनी तरी ओळखायला हवा. नुक्ता. साइक्सना तो सापडला चाकणजवळच्या इंद्रायणीत. पुण्याच्या उत्तरेला अठरा मैल, असं त्यांनी ठिकाण दिलं आहे. त्याच्या मुस्कटावर आडवी खोल खाच असते, जणू नाकाचे दोन मजले. नंतरच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या गणाला दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थच ‘दुभंगलेलं नाक’. खडकावरचं शेवाळ खरवडून जगणारा हा मासा. त्यामुळे त्याला वाहतं, नितळ, खडकाळ पाणी लागतं. आज तो जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. ज्या नदीतल्या माशावरून सगळ्या जगाला ही जात कळली, तिच्या चाकण-चऱ्होलीच्या टप्प्यात आता गळाला चिलापी लागते. इंद्रायणीच्या माशांची पाहणी करणाऱ्या पुण्याच्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये उगमापासून संगमापर्यंत पन्नासहून अधिक जाती नोंदवल्या. नदी मेलेली नाही. ती वरच्या अंगाला शिल्लक आहे.

वर म्हणजे किती वर? साइक्सनी पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतून आणखी एका माशाचं वर्णन केलं, खुद्री. हाच दख्खनचा महाशीर. मोठमोठे खवले, निळसर पर, जाड ओठ. लागला की काठीचं धनुष्य करणारा. मासेमारीच्या हौसेत भारताचं नाव जगात झालं ते महाशीरमुळे. धरणं झाली, अंडी घालायला वर चढायच्या वाटा बंद झाल्या, आणि सत्तरच्या दशकापर्यंत तो दुर्मीळ होत गेला. तेव्हा लोणावळ्यात वळवणच्या काठी टाटांच्या वीज कंपनीनं त्याची पैदास सुरू केली. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या पुढाकारानं १९७०च्या सुमारास माशाच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढायची, त्यावर नराचं रेत सोडायचं आणि पिल्लं वाढवायची हे तंत्र तिथं बसवलं गेलं. पुढं लाखो बोटुकल्या तिथून देशभर गेल्या. आणि वळवणचं धरण आहे ते इंद्रायणीच्याच डोक्यावर. एकाच नदीच्या शेंड्याला महाशीर जन्माला घातला जातो आणि साठ-सत्तर किलोमीटर खाली त्याला श्वासही घेता येत नाही. त्यातही वळवणचं पाणी वीज करण्यासाठी घाटाखाली खोपोलीला जातं, ते वेगळं.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती सांगायला हवी. वळवणचा महाशीर कर्नाटकात कावेरीतही सोडला गेला. तिथं मूळचा महाशीर निराळा, मोठ्या वशिंडाचा आणि जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. बाहेरून आलेला दख्खनचा भाऊबंद तिथं फोफावला आणि घरचा मासा झपाट्यानं घटत गेला. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वशिंडवाल्याची ओळख नक्की केली तोवर तो नामशेष होण्याच्या कड्यावर होता. २०२० मध्ये खुद्री धोक्याच्या यादीतून बाहेर आल्याची बातमी आली, पुण्या-लोणावळ्यात आनंद झाला. कावेरीकाठी तो आनंद तितका साधा नव्हता. बिवाचा बास, उजनीची चिलापी, कावेरीतला महाशीर. मासा पाण्यात सोडणारा हात प्रत्येक वेळी भल्या हेतूचाच होता.

महाशीरला हिवाळा कसा जातो? दिवाळीच्या सुमाराला, पाणी निवळताना, तो चांगला खातो. पौष-माघात मंदावतो, डोहात राहतो, आणि फेब्रुवारीत ऊन तापू लागलं की पुन्हा धारेला येतो. मावळात पवना आणि आजूबाजूच्या धरणांवर हौशी लोक फेब्रुवारीची वाट बघतात ती त्यासाठी. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा काठी उघडण्याआधी गावात विचारावं. पकडून सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा पक्कडीनं आधीच दाबून टाकावा आणि मासा कोरड्या हातानं धरू नये, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. देहूच्या घाटावर मात्र काठी काढायचीच नाही. तिथं मासे मारत नाहीत, त्यांना खाऊ घालतात.

चऱ्होलीच्या काठावर धुकं विरतं. नऊ वाजून गेलेत. तिघांतला एक कंटाळून मोबाइलवर क्रिकेट बघतोय, दुसरा चहा ओततोय. रात्रपाळीवाला मात्र जागचा उठतो, काठी गुंडाळतो आणि दहा पावलं पलीकडे, जिथं जलपर्णीला भगदाड पडलंय आणि त्यातून तिरपं ऊन पाण्यात शिरलंय, तिथं जाऊन बसतो. वाटाण्याएवढा गोळा लावतो. गळ टाकत नाही, सोडतो. बूच उभं राहतं.

दहाला पाच मिनिटं कमी असताना ते जरासं कलतं. तो हलत नाही. पुन्हा कलतं आणि एक बोट डावीकडे सरकतं. मनगटाचा एवढासा झटका, आणि काठीचं टोक थरथरायला लागतं. वर येते तळहाताएवढी चिलापी, पाठीवरचा काटा फुलवून. अंग हाताला गार लागतं, तडफड मंद आहे. तो तिला उलटसुलट करून बघतो.

“घरी नेणार?” चहावाला विचारतो.

“छे. आई म्हणते वास येतो.” तो गळ सोडवतो, मासा मागच्या पाण्याच्या डबक्यात टाकतो. “मांजरीला होईल.”

आणि पुन्हा गोळा वळायला घेतो.